कैफियतीचा रकाना

दसरा सरला की आमच्याकडच्या बाभळी पांढऱ्या होतात. फुलांनी नाही. कापसाच्या गाड्या आदिलाबादच्या मार्केटकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या काट्यांना कापूस अडकत जातो, म्हणून. तामसीकडून येणाऱ्या बसच्या खिडकीतून तो दिसायला लागला की माणसांच्या तोंडावर जरा हुशारी येते. मी मात्र मान फिरवते. शाळेत शिकवते, दोन लेकरांची आई आहे, वर्गात पोरं माझ्या आवाजाला घाबरतात. तरी या दिवसांत मी बसमध्ये खिडकीच्या जागेवर बसत नाही. कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून आजवर सांगितलं नाही.

यंदा त्यात मोबाइलवर मेसेज आला. दुपारची सुट्टी होती, डबा उघडून बसले होते. मेसेज तेलुगूत, तहसिलीच्या पोर्टलकडून. वारसनोंदीसाठी आपली वेळ गुरुवारी सकाळी अकरा वाजता ठरली आहे, आधार कार्ड घेऊन स्वतः हजर राहावं. खाली आमच्या वावराचा सर्व्हे नंबर. मी स्वतःच्या लग्नाची तारीख विसरते, नवरा त्यावरून दरवर्षी टोमणा मारतो. पण हा नंबर मला झोपेतून उठवून विचारा. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय झालं? कोणाचं काही बरंवाईट?" मी म्हटलं, नाही हो, ऑफिसचं काहीतरी आहे.

तो नंबर मी एकदा माझ्या हातानं टाइप केलेला आहे. त्याला आठ-नऊ वर्षं झाली. असेच दिवस होते, असाच कापूस फुटलेला होता.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. डिग्री हातात होती, कम्प्युटरचा कोर्स झालेला होता, आणि सगळ्या जगाला मी शहाणपण शिकवणार होते. सरकारनं जमिनीचं सगळं जुनं दप्तर कम्प्युटरात चढवायचं काढलं, आणि त्यासाठी तहसिलीत तीन महिन्यांसाठी ऑपरेटर घेतले. त्यात माझा नंबर लागला. कोणती तहसील ते इथं लिहीत नाही. माझ्या माहेरची माणसं अजून तिथंच खेपा घालतात.

पटवाऱ्याच्या काळाबद्दल आमच्या घरात जेवढं बोललं गेलं, तेवढं देवाबद्दलही बोललं गेलं नसेल. नक्कल पाहिजे? पटवारी घरी नाही. पटवारी घरी आहे? दप्तर त्याच्या वरच्या गिरदावराकडे गेलं. गिरदावर भेटला? साहेबाची सही राहिली, साहेब मीटिंगला. मग कोणीतरी खालच्या आवाजात सांगायचं, त्यांच्या घरी तुरीची डाळ पोचती करा म्हणजे दप्तर आपोआप सापडेल. आणि सापडायचंही, त्यांच्याच ओसरीवर. बाबा हे सगळं नकला करून सांगायचे आणि हसता हसता मध्येच गप्प व्हायचे, कारण त्यांचे उन्हाळेच्या उन्हाळे या खेपांत गेले होते. म्हणून मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं, "माही पोरगी आता पटवाऱ्याचं दप्तर बंद करून राह्यली."

मलाही तसंच वाटायचं. सकाळी साडेनऊला कुलूप उघडायचं, लाल फडक्यातले बस्ते खाली काढायचे. सोडले की झुरळांचा, उंदरांचा, जुन्या डिंकाचा वास यायचा. हात धुतले तरी तो जेवताना बोटांना यायचा. लाइट जायची. मग कम्प्युटरखालचा तो काळा डबा दर दहा सेकंदांनी टी टी करायचा. तेवढ्या मिनिटांत काम जतन केलं नाही तर गेलं. अंधाऱ्या खोलीत आम्ही चौघीजणी आणि ती टी टी. आजही कोणाच्या दुकानात तो आवाज आला की मी पैसे ठेवून बाहेर येते.

पहाणी म्हणजे दर सालचा जमिनीचा उतारा. कोणाची जमीन, किती, कोण कसतो, काय पेरलं. शेवटी एक रुंद रकाना, त्याला निजामाच्या काळापासून कैफियत म्हणायचे. इतर रकान्यांत आकडे आणि नावं. कैफियतीत माणसं. बाकीची पहाणी तेलुगूत, पण आमच्या गावांचे पटवारी मराठी, त्यामुळे कैफियत बरेचदा मराठीत. 'विहिरीत दोघां भावांचा हिस्सा.' 'वाट पूर्वीपासून या बांधावरून.' 'हा इसम परागंदा, भाचा कसतो.' मी पहिला आठवडा नुसती वाचतच बसायची. बाजूची सरोजा म्हणायची, "सुमन, तू पिक्चर पाहायला आली का कामाला?"

स्क्रीनवरच्या फॉर्ममध्ये कैफियत नव्हती. नाव, बापाचं नाव, क्षेत्र, प्रकार, आधार. संपलं. मी नायब तहसीलदार साहेबांना जाऊन विचारलं. भला माणूस होता, कोणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही, पाण्याची बाटली घरून आणायचा. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "त्या रकान्यातच सगळा घोटाळा शिरतो. पटवारी मनाला येईल ते लिहायचे, पैसे घेऊन लिहायचे. म्हणून वरूनच काढून टाकलाय. रकाना नाही, तर माहिती नाही. पुढे चला." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. इतकं स्वच्छ उत्तर मी तोवर कोणत्याच सरकारी माणसाकडून ऐकलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी आमच्या गावाचा बस्ता निघाला. आमचा सर्व्हे नंबर, बाबांचं नाव, साडेसात एकर. आणि कैफियतीत, वळणदार अक्षरात: 'पैकी ओढ्याकडील दोन एकर मुसम्मात गिरजाबाई हिस चोळीबांगडीबद्दल, वडिलांनी दिले.' बाईच्या नावाआधी जुन्या दप्तरात मुसम्मात लिहायची रीत. गिरजाबाई म्हणजे माझी आत्या. बाबांची एकुलती बहीण, मुधोळजवळच्या एका खेड्यात दिलेली. आधीच्या सालाची पहाणी काढली, त्यातही तीच ओळ. त्याच्या आधीची, तीच. पटवारी बदलले, शाई बदलली, ओळ दर सालाला उतरत आली होती.

ओढ्याकडचं वावर आत्याचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे लेकीला लग्नात तुकडा द्यायची चाल आहे. वर्षाची चोळीबांगडी तिची तिला व्हावी, भावाच्या तोंडाकडे पाहायला लागू नये म्हणून. कसायचं भावानं, आणि त्या वावराचा पहिला वेचा बहिणीचा. पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दहीभाताचा निवद, हळदकुंकू, मग झाडांवर तोच दहीभात शिंपडायचा. ज्याचं वावर, त्या घरच्या बाईनं. आमच्या ओढ्याकडच्या वावरात ते आत्या करायची. त्यासाठी दोन बसा बदलून यायची, आणि आई हयात असतानाही कधी आईनं पुढं होऊन केलं नाही. पण ते कागदावर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. ते सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबला.

"ते लिवणं कसं आलं, ठावं हाये का तुले?" म्हणाले. "ज्वारीचं पोतं देऊन. माह्या बाबानं पटवाऱ्याच्या घरी पोतं टाकलं, तवा त्यानं लिवलं. नाईतर पोरीच्या नावाचं कोण लिवते? म्हणजे लाचेचंच लिवणं झालं ना ते. तू तर लाच बंद करासाठी बसली तिथं."

मी म्हटलं, "पण बाबा, जमीन तर आत्याचीच हाये."

"मी का नाई म्हणून राह्यलो? पयला वेचा तिचाच हाये, मी मरेलोक राहीन. तुह्या फारमात रकाना नाई, तुहा साहेब नको म्हणते, मंग तू काऊन जिवाला घोर लावून घेतं? कायद्यानं कर."

इतकं सोयीचं बोलणं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं नाही. लाचेनं आलेली ओळ, म्हणून ती पुसणं म्हणजे प्रामाणिकपणा. मी त्याच्यावर रात्री छान झोपलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी बाबांच्या नावापुढं साडेसात एकर टाइप केले. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी पक्क्या करायला ऑपरेटरनं एका छोट्या काचेवर बोट ठेवायचं असे. काच खालून लाल व्हायची, मग स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण. तिच्यानंतर ऑपरेटरला काही बदलता येत नसे. मी बोट ठेवलं. पहिल्याच खेपेला लागलं.

कोणी एक पैसा दिला नाही, कोणी घेतला नाही.

चार दिवसांनी आत्या आली. पातळ हिरवं लुगडं, डोक्याला बांधलेलं फडकं, पिशवीत दह्याचं गाडगं. ओढ्याकडच्या वावरात सकाळी धुकं होतं, बोंडांवर दव होतं, आणि वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत रुतत होती. आत्या एकेका झाडाला भात लावत पुढं जात होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मग कमरेची ओटी खोचून तिनं पहिलं बोंड वेचलं. माझ्या तळहातावर निवदाचा दहीभात ठेवला. म्हणाली, "खाय ना, पाहून काय राह्यली?" मी खाल्ला. तेव्हाच सांगता आलं असतं. वावरात आम्ही दोघीच होतो.

पुढं याद्या छापून पंचायतीच्या भिंतीवर लावल्या. आक्षेप असल्यास कळवावे. लोक गर्दी करून बोट फिरवत आपापलं नाव पाहायचे, चुकलेलं दिसलं की भांडायला यायचे, आणि ते दुरुस्त व्हायचं. असलेलं नाव चुकलं तर माणूस भांडतो. नसलेलं नाव कोण वाचणार? आत्या मुधोळकडे, तेलुगू तिला येत नाही, आणि आपलं काही कागदावर होतं हेच तिला माहीत नव्हतं. पावसानं ती यादी भिंतीवरून निघून गेली. जुने बस्ते टेम्पोत घालून जिल्ह्याला नेले. आता ते कोणत्या खोलीत आहेत, विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. मी तीनदा विचारलं आहे.

पोर्टलवर मी राग काढत नाही. तसं केलं तर तो खोटेपणा होईल. आमच्याच गल्लीतली एक विधवा बाई नवऱ्याची जमीन आपल्या नावावर व्हावी म्हणून वर्षानुवर्षं पटवाऱ्याच्या पायरीवर बसली होती. कम्प्युटर आल्यावर तिचं काम अर्ध्या तासात झालं. कोणाच्या हातावर काही ठेवलं नाही, कोणापुढं पदर पसरला नाही. जमिनीचं पासबुक छातीशी धरून ती आमच्या घरी आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वर उचललं. तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण ती गेल्यावर मला आत्या आठवली. लाच खाणारा माणूस निदान दिसतो, त्याचं घर माहीत असतं, त्याला चौकात शिव्या देता येतात. आमच्या घरात जे झालं त्याला तोंडच नव्हतं. कचेरी स्वच्छ झाली आणि कचेरीतली घाण माझ्या हातानं माझ्या घरात आली, असं मला वाटतं. हे मी पोर्टलच्या कौतुकाच्या कोणत्याच बैठकीत बोलू शकले नाही, कारण तिथं टाळ्या पडत होत्या.

बाबा शब्दाला जागले. दर सालाला पहिला वेचा बांधून बसमध्ये चढवून द्यायचे. त्यामुळे काही बिघडलंय हे कोणाला कळायचं कारणच नव्हतं. मीही स्वतःला तेच सांगत राहिले. गेल्या वैशाखात बाबा गेले. तेराव्याला आत्या भिंतीला टेकून बसली होती. "माह्या पाठीचा गेला," एवढंच म्हणत होती. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवताना मनात सर्व्हे नंबर घोकत होते. एकामागून एक आकडे डोक्यात येत होते.

मेसेज आला त्याच संध्याकाळी संजयचा फोन आला. संजय माझा धाकटा भाऊ, घरची शेती आता तोच पाहतो.

"ताई, मेसेज आला ना? गुरुवारी सुट्टी टाक. अर्ध्या घंट्याचं काम हाये. तू हक्कसोडीचं बोट ठेव, सारं माह्या नावानं होते."

"आन मंग?"

"मंग काय. मंचेरियलचा एक गिऱ्हाईक हाये, कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेला. त्याले पाण्याजवळचं पायजे. ओढ्याकडचं देऊन टाकतो. पोराले हैदराबादले शिकाले ठेवाचं हाये."

"ओढ्याकडचं आत्याचं हाये, संजय."

"कुठं लिवलं हाये?" तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "कम्प्युटरात तर नाई. तूच तर चढवलं व्हतं."

त्याला बाबांनी काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. तो पुढं म्हणाला, "दोन साक्षीदार लागते. एक शेजारचा किसन. दुसरी आत्या. बुधवारी येतेच हाये ती सीतादह्याले. घरचीच बाई हाये, बाहेरचं माणूस काऊन धुंडायचं?" त्याच्या आवाजात कपट नव्हतं. आत्याची सोय पाहावी तसं तो बोलत होता.

बुधवारी मी गावी गेले. आत्या आली होती. हात जरा कापायला लागलेत, पण गाडगं तसंच, फडकं तसंच. ओढ्याकडच्या वावरात बोंडं यंदा मोठी होती. ओढ्याच्या पलीकडे एक अनोळखी माणूस मोटारसायकल लावून आमच्याकडे पाहत उभा होता, बराच वेळ. आत्या म्हणाली, "कोण हाये वं तो? पाव्हणा हाये का? बोलाव त्याले, निवद घेईन." मी म्हटलं, असेल कोणी. तो गेला. आत्यानं धुऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि नेहमीसारखी वाकून मातीला हात लावला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दिवसभर हेच चाललं होतं. एकदा तर "आत्या" म्हणून हाक मारून मी तिला पाणी पाहिजे का असं विचारलं.

गुरुवारी आम्ही साडेदहालाच तहसिलीत पोचलो. जुनी कचेरी ओळखू येत नाही आता. काचेचं दार, आत थंडगार, निळ्या खुर्च्या, लाच देऊ नका घेऊ नका म्हणून मोठा बोर्ड. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पूर्वी इथं आवारात पन्नास माणसं बिड्या ओढत एकमेकांच्या भावकीचा इतिहास सांगत बसलेली असायची. संजय झेरॉक्स काढायला गेला. आत्या बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसली, पहिल्या वेच्याचं गाठोडं पायाशी घेऊन, कारण ती तिथूनच बस धरायला जाणार होती.

"कायचा अंगठा हाये वं मले?" तिनं विचारलं. "संजू म्हणे, साक्ष हाये."

मग मी सांगितलं. सगळं एका दमात, मान खाली घालून. कैफियतीची ओळ, बाबांचं बोलणं, साडेसात एकर, संध्याकाळचं बोट. आज हे संजयच्या नावावर गेलं की ओढ्याकडचं वावर विकलं जाणार, आणि त्याला साक्षीदार तू.

तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. वाटलं, तिला समजलं नाही. मग तिनं विचारलं, "काय लिवलं व्हतं? पुन्हा सांग."

मी म्हणून दाखवलं. पैकी ओढ्याकडील दोन एकर मुसम्मात गिरजाबाई हिस चोळीबांगडीबद्दल, वडिलांनी दिले.

"माह्या नावानं?"

"हो."

"म्हणजे बाबानं लिवून ठेवलं व्हतं." तिचा आवाज एकदम लहान झाला. "मले वाटे नुसतं तोंडानं म्हटलं. सासरचे म्हणत, तुह्या बापानं दिलं तर कागुद दाखव. मामंजी म्हणत, हे म्हणत, आता पोरंबी म्हणते. मी खाली मुंडी घालून राहो. म्हणो, माह्या भावाची मेहेरबानी हाये, त्यानं दिलं तं आणतो, नाई दिलं तं नाई. इतके साल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन कागुद व्हता."

मी रडायला लागले. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

"आन तू खोडलं," म्हणाली.

"खोडलं नाई आत्या. लिवलं नाई."

"बरं," ती म्हणाली.

आतून नाव पुकारलं. संजय झेरॉक्स घेऊन धावत आला, आम्ही आत गेलो. काचेमागं एक तरुण मुलगी होती, नीटनेटकी, केसांत मोगरा. माझ्याच वयाची होती, म्हणजे माझ्या तेव्हाच्या. तिनं आत्याकडं पाहून हसून सांगितलं, "अम्मा, वेलु पेट्टंडी." बोट ठेवा. किसननं ठेवलं होतं, त्याची हिरवी खूण आली होती. आत्यानं ती बोट ठेवायची काच पाहिली, मग मला विचारलं, "इले विचार, साक्षीदार म्हणजे जे पाह्यलं ते सांगते तो, ना? मंग मी सांगतो. बाबानं माह्या लग्नात मांडवात उभं राहून काय म्हटलं, ते मी पाह्यलं हाये."

मी तेलुगूत सांगितलं. मुलीनं स्क्रीनकडं पाहिलं, वर खाली करून पाहिलं, खरोखर शोधलं तिनं. मग म्हणाली, "इथं सांगायचं काही नसतं अम्मा. नुसतं बोट."

आत्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आत्या, काय करून राह्यली?" संजय म्हणाला. "वेळ चालली."

स्क्रीनच्या कोपऱ्यात खरंच वेळ उलटी मोजली जात होती. संजय बाहेर गेला आणि लिंबाखाली आपल्या नंबराची वाट पाहत बसलेल्या एका माणसाला घेऊन आला. कुठल्या गावचा कोण, आम्हाला माहीत नाही. त्यानं आमचं वावर पाहिलं नव्हतं, आम्हाला पाहिलं नव्हतं. भला माणूस, अडलेल्याला मदत म्हणून आला. त्यानं आधार नंबर सांगितला, बोट ठेवलं, लगेच हिरवी खूण आली आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला. आता फक्त माझं राहिलं होतं.

"ठेव ताई," संजय म्हणाला. मग हळू, "पोराची फी भराची हाये, ताई."

काच खालून लाल झाली होती. मी हात मांडीवर ठेवून बसले. "मी ठेवत नाई," म्हटलं. मुलगी घाबरून म्हणाली, काहीतरी कारण नोंदवावं लागेल, नाहीतर अर्ज बंद होत नाही. तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. कारणांची यादी होती: कागद अपुरे, सर्व्हर बंद, आधार जुळत नाही, वारस गैरहजर. मला जे म्हणायचं होतं ते त्यात नव्हतं. वेळ संपत आली तसं तिनं बिचारीनं शेवटचं दाबलं. मी तिच्यासमोर दीड हातावर बसलेली असताना मी गैरहजर, अशी नोंद झाली. लगेच माझ्या पर्समध्ये मोबाइल वाजला. मी गैरहजर असल्याचा मेसेज आला होता.

बाहेर संजय चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. मोटारसायकलची चावी फिरवत म्हणाला, "पुढच्या महिन्यात दुसरी वेळ घेतो. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. तू किती दिवस सुट्ट्या टाकशील?" आणि किसनला मागं बसवून निघून गेला. वावर अजून बाबांच्या नावावर आहे. आत्याचं नाव कुठंच नाही. ते कुठं घालायचं, हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मी आत्याला घेऊन आदिलाबादच्या बसस्टँडवर आले. मुधोळकडची बस लागलेली होती. गाठोडं वर चढवून दिलं, तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मला तिच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. वाट पाहून पाहून शेवटी मीच म्हटलं, "आत्या, मी बोट ठेवलं नाई."

तिनं खिडकीतून माझा हात हातात घेतला, ते बोट धरलं आणि पाहिलं.

"आज नाई ठेवलं माय," म्हणाली. "तवा ठेवलं."